गुरुजी, ‘साफ’ म्हणू नका

पाथरीच्या बसस्टँडवर त्या सोमवारी सकाळी सातला सोनपेठ गाडीसाठी एवढी गर्दी जमली, की कंट्रोलरने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "आज काय जत्रा हाय का?" जत्रा नव्हती, बाजारही नव्हता. जमलेल्यांपैकी निम्म्यांचं सोनपेठला काडीचंही काम नव्हतं. रंगनाथ गुरुजींची शाळा तर अर्ध्या वाटेवरच, तरी गुरुजींनी किरकोळ रजा टाकून थेट सोनपेठचं तिकीट काढायचं ठरवलेलं. ही सगळी मंडळी आली होती पंचफुला खंदारे या कंडक्टरबाईला घंटी वाजवताना बघायला.

आता कंडक्टरच्या घंटीत बघण्यासारखं काय असतं? एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. जन्मभर एसटीने फिरलेल्या माणसाला ते टोले ऐकूही येत नाहीत. पण पंचफुलाच्या त्या दोन टोल्यांनी तीन वर्षं अख्ख्या गाडीला वेठीला धरलं होतं. साखर कारखान्यांचं गळीत नुकतंच सुरू झालं होतं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावू लागल्या होत्या, आणि तिची खरी परीक्षा आजच होती. तिच्या पिशवीत तिकिटाच्या मशीनखाली घडी घातलेला एक अर्ज होता. गाडीवरून काढून स्टँडच्या चौकशी खिडकीत बसवावं, असा. आजची फेरी नीट झाली नाही, तर संध्याकाळी तो अर्ज ती स्वतःच्या हाताने साहेबांच्या टेबलावर ठेवणार होती.

तिने तसं नवऱ्याला, सिद्धोधनला, सकाळी चहा पिताना सांगितलं होतं. तो म्हणाला, "खिडकीत बसून काय करशील? दिवसभर लोकायला सांगशील, गाडी लागलीय, गाडी गेलीय. आन तुजा जीव मातर गाडीत."

ते खरंच होतं. पंचफुला एक्केचाळीस वर्षांची. आजीचं नाव तिला ठेवलेलं, म्हणून नाव जुनं आणि बाई नवी. बारा वर्षांमागे खाकी घालून पहिल्यांदा माहेरच्या गावात गाडीतून उतरली, तेव्हा आईला काय करावं कळेना. ती आधी रडली, मग सगळ्या आळीला बोलावून आणलं. गाडीत पंचफुलाचा दरारा मोठा. कोणाचं लेकरू कुठं उतरतं, कोणाच्या गुडघ्याला काय झालंय, कोणत्या कॉलेजकुमाराने पासचा फोटो बदलायला हवा, सगळं तिला पाठ. तिचा आवाज असा, की "पुढं सरका!" म्हटलं की ड्रायव्हरसुद्धा पुढं सरकायचा.

आणि अशा बाईला एका उसाच्या कांडक्याने धरलं.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, ट्रॉल्यांतून ऊस सांडून रस्त्याचा नुसता उकिरडा झालेला. एका थांब्यावर तिने डबल बेल दिली, गाडी हलली आणि मागच्या चाकाखाली काहीतरी वाजलं. धप्प. ऊसच होता, रोजच वाजायचा. पण त्या दिवशी तिच्या मनात आलं, आत्ता उतरलेलं कोणी चाकाखाली तर गेलं नसेल? मी बघितलं का नीट? तिने एक टोला दिला, खाली उतरली, बघितलं. दोन कांडकी चेंदून पडलेली. ती हसली, लोकही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि त्या दिवशी हसू थोडं कमी होतं.

वर्ष सरता सरता हा प्रकार इतका वाढला, की पंचेचाळीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागू लागला. डबल दिली की पंचफुला धावत मागच्या काचेशी जायची. दिसायचा मोकळा रस्ता, पण मन म्हणायचं, वळणाआड असेल तर? कडेच्या नालीत पडलं असेल तर? संध्याकाळी ड्युटी संपली की सिद्धोधन पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान अर्धवट टाकून तिला मोटरसायकलवर बसवायचा, आणि दोघं सोनपेठपर्यंतचा सगळा रस्ता पुन्हा तपासून यायचे. सकाळी पेपर आला की आधी परभणीचं पान. अपघाताची बातमी नसली, तर पेपरवाल्यांना कळलंच नसेल, ही नवी धास्ती.

लोकांनी काय केलं म्हणता? आपल्याकडचे लोक ते! त्यांनी माया केली. ‘असं कसं बाई’ म्हणून कोणी तक्रार केली नाही. उलट रंगनाथ गुरुजींनी रोजची पुढची जागा सोडली आणि ते मागच्या लांब सीटवर, बरोबर मधोमध बसायला लागले. डबल बेल झाली की गुरुजी मान मागे वळवून रस्ता बघायचे आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात पुकारायचे, "साफ!"

मुंजाजीभाऊ ड्रायव्हर अभिमानाने सांगायचे, "आमच्या गाडीला म्होरं एक अन् मागं एक ड्रायव्हर हाय." गुरुजींनी रजा घेतली तर त्या दिवशी साफ म्हणायला माणूस नेमून जायचे. टाकीच्या थांब्यावर चढणारी सत्तरीची धुरपताबाई तर गुरुजींच्या ‘साफ’वर आपलं शिक्कामोर्तब करायची, "साफ हाय माय, म्या बी बगितलं." पहिल्या महिन्यात एक ‘साफ’ पुरायचं. मग दोन लागायला लागले. मग पंचफुला म्हणायची, "गुरुजी, लेकराची शपथ घ्या." गुरुजी बिचारे जाता-येता मिळून चौदा थांब्यांना चौदा शपथा घ्यायचे. एवढी जिव्हाळ्याची माणसं तिच्या पाठीशी होती, आणि पोरगी दिवसेंदिवस वाळत होती. कोणाला काही उमजेना.

शेवटी झोप उडाली म्हणून सिद्धोधन तिला परभणीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. पंचफुला दारातच अडून बसली. "मला येडी ठरवायलाव का?" सिद्धोधन म्हणाला, "मोटार जळाली तर भरून घेतो का न्हाई आपण? फेकून देतो का?" हा माणूस कुठल्याही प्रश्नावर मोटारच आणतो, पण त्या दिवशी ती आत गेली.

आत भक्ती मॅडम होत्या. तिशीच्या, चष्मेवाल्या, बोलायला साध्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पंचफुलाताई, खरं सांगा. ‘काय माहीत, असेलही कोणी’, हे पूर्ण मिटलंय असं तीन वर्षांत एकदा तरी झालं का? एकदा बघून, दहादा बघून?"

पंचफुला मनात दिवस मोजू लागली. हा हिशोब तिने कधी केलाच नव्हता. उत्तर सरळ होतं. एकदाही नाही.

मॅडमनी सांगितलं, याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. आजार आहे, बरा होण्यासारखा आहे, आणि तुम्ही काही जगावेगळ्या नाहीत. डॉक्टर गोळी देतील, ती घ्यायची. पण मुख्य काम आपल्या दोघींचं. तो विचार सगळ्यांनाच येतो. आजार विचारात नाही, त्याला जे उत्तर देत बसता त्यात आहे. मागे वळून बघितलं की घटकाभर बरं वाटतं, आणि मन शिकतं, बघितलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी दुप्पट मागतं.

"सगळ्याला येतो?" पंचफुलाला हे मुळीच पटलं नाही. "आमच्या मुंजाजीभाऊला येतो व्हय?"

"विचारून बघा."

दुसऱ्या दिवशी गाडी उभी असताना तिने विचारलं. मुंजाजीभाऊ तंबाखू मळता मळता थांबले. "चाकाखाली कोणी आलं असंल, आसा इचार? येतो की! सव्वीस वर्सं झाली, रोज येतो."

"मंग?"

"मंग काय, जातो."

"जातो? कसा जातो ओ भाऊ?"

"आता कसा जातो ते मला काय ठाऊक! चढतो फुकट, उतरतो फुकट. मी काय त्याला तिकीट फाडीत न्हाई."

पंचफुला त्या दिवशी घरी आली ती नाचतच. "अहो, भाऊला बी येतो! रोज येतो!" सिद्धोधनला कळेना, ड्रायव्हरच्या डोक्यातलं भूत ऐकून बायकोला एवढा आनंद का. पण तीन वर्षांत तिचा चेहरा असा खुलला नव्हता, म्हणून तोही हसत सुटला.

मग दर गुरुवारी परभणी. मॅडमनी एक वही करायला लावली. त्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखी कामं, सोप्यापासून अवघडापर्यंत. शून्य ते शंभर भीतीचा आकडा समोर मांडायचा. पहिली पायरी, पेपरातलं परभणीचं पान न उघडणं: आकडा चाळीस. सगळ्यात वरची पायरी, हंगामात सोनपेठची अख्खी फेरी, मागे न बघता, कोणाला न विचारता: आकडा शंभर. त्यापुढे तिने स्वतःच्या हाताने आणखी एक शून्य काढून ठेवलं होतं.

पेपर आठवडाभरात सुटला. संध्याकाळची मोटरसायकलची फेरी सुटायला महिना गेला. पहिल्या संध्याकाळी ती अंगणात इकडून तिकडे येरझारा घालत होती, आणि सिद्धोधन गाडीची किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात घालून बसला होता. मॅडमनी सांगितलेलं, भीती चढेल, चढू द्या, काही करू नका, आपोआप उतरते. तासाभराने पंचफुला आत येऊन म्हणाली, "उतरली ओ! ऐंशीची तिशीवर आली. मी काहीच केलं न्हाई!" मग शेजारच्या मालनबाईंनाही जाऊन सांगून आली. त्यांना काय उतरलं ते कळलं नाही, तरी त्यांनी हातावर साखर ठेवली.

एक गोष्ट लिहायची होती, ‘आज माझ्या गाडीखाली माणूस आला’ अशी, आणि रोज मोठ्याने वाचायची. पहिल्या दिवशी दोन ओळींतच तिने वही मिटली. पंधराव्या दिवशी वाचता वाचता जांभई आली. मॅडमना ही जांभई सांगितली, तर त्यांनी वहीत त्या तारखेला लाल चांदणी काढली.

सगळ्यात बहारदार प्रकार सिद्धोधनने केला. कुठून तरी उसाची मोळी आणून त्याने गावाबाहेरच्या पांदीत, शेताच्या वाटेवर, आडवी पसरली आणि पंचफुलाला मागे बसवून त्यावरून मोटरसायकल घातली. धप्प, धप्प, धप्प. "मागं बगायचं न्हाई!" तो ओरडायचा. ती डोळे फाडून पुढे बघत त्याच्या पाठीत नखं रुतवायची. वीस फेऱ्या झाल्या. एकविसाव्या फेरीला ती म्हणाली, "आवो, पुरे आता, ऊस खाऊ." दोघांनी बांधावर बसून उरलेला ऊस सोलून खाल्ला.

मॅडम एकदा स्वतः गाडीत आल्या. मागच्या सीटवर गुरुजींशेजारी बसल्या, दोन थांबे बघितलं, आणि म्हणाल्या, "गुरुजी, आजपासून ‘साफ’ म्हणू नका."

सगळी गाडी मागे वळून बघू लागली. गुरुजींचा चेहरा पडला. "म्हणजे? तीन वर्सं मी पोरीला इख पाजलं का?"

"नाही गुरुजी, माया पाजली. फक्त डोस फार झाला." मग मॅडमनी उभं राहून सगळ्या गाडीला समजावलं. ताईंनी विचारलं, कोणी पडलं का, तर नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. म्हणायचं, काय की! दार लावायच्या आधी ताई एकदा बघतील, कुठलाही कंडक्टर बघतो तसं. एकदाच. पुढे खरंच काही झालं, तर माणसं ओरडतात, ड्रायव्हरला कळतं. त्यासाठी ताईंच्या शंकेची गरज नसते.

आणि काय सांगावं, अख्ख्या गाडीला नवं कामच मिळालं! पंचफुलाने चुकून जरी विचारलं, "कोणी पडलं न्हाई ना?", की चाळीस तोंडांतून एकदम यायचं, "काय की!" कॉलेजची पोरं तर वाट बघत बसायची. धुरपताबाईला आवरणं कठीण झालं. ती उत्साहाने म्हणायची, "पडलं बी असंल माय! दोन-तीन पडले असतील!" गुरुजींचे मात्र हाल झाले. डबल झाली की मान आपोआप मागे वळायची, ओठांवर ‘सा’ यायचा, आणि ते खिशातला रुमाल, आपली ती दस्ती, तोंडात कोंबायचे.

असं सगळं करत करत तो सोमवार उजाडला होता.

सव्वासातला पंचफुला दाराशी आली, खाली एकदा बघितलं, दार लावलं आणि दोरी ओढली. टण टण. गाडीत कोणीतरी टाळी वाजवली. "टाळ्या कशाच्या? तिकीट काढा आधी!" ती कडाडली. आवाज तोच जुना होता, आणि तो ऐकून गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

एक थांबा झाला, दोन झाले, पाच झाले. ऊस रस्ताभर होताच. धप्प वाजलं की सगळी गाडी श्वास धरायची आणि पंचफुला तिकिटाच्या मशीनकडे बघत मनात म्हणायची, असंल कोणी, नसंल बी. आकडा चढायचा, उतरायचा. सहाव्या थांब्यावर तिला चक्क मजा वाटायला लागली.

मग आला टाकीचा थांबा. तिथं पाण्याच्या टाकीखाली नागेशची चहाची टपरी, समोर सिमेंटचा ओटा. धुरपताबाई नव्या लुगड्यात उभी. सोनपेठला नातीच्या लेकराचं बारसं होतं. चढताना तिचं तोंड सुरूच, "आज बगा पोरीची मर्दुमकी, पोराला सांगीन म्या पाळण्यात!" पंचफुलाने हात देऊन तिला वर ओढलं, खाली एकदा बघितलं, दार, टण टण.

गाडी वीस पावलं गेली असेल, आणि वाजलं. हा नेहमीचा आवाज नव्हता. जड आणि ओला वाटला तिला. मुंजाजीभाऊंनी आरशात बघितलं आणि ते गाडी चालवत राहिले, पण तिला ते पुरेना. आकडा एका झटक्यात पंचाण्णववर गेला.  मागची काच दहा पावलांवर. तिने वरची दांडी दोन्ही हातांनी धरली. धुरपताबाईने तिच्याकडे बघितलं आणि ज्या धुरपताबाईचं तोंड कधी बंद राहत नाही, ती पहिल्यांदाच काही बोलली नाही.

तीन किलोमीटर तसेच गेले. पुढच्या थांब्यावर गाडी थांबली आणि धुरपताबाई किंचाळली, "माजी पिशवी!"

पिशवीत लेकराची कुंची होती, स्वतः शिवलेली, आणि डिंकाचे लाडू. ती शोधाशोध करू लागली. सीटखाली, सीटमागे. तेवढ्यात मागून गुरुजींनी तोंडातली दस्ती काढली आणि अपराध्यासारखे म्हणाले, "ओट्यावर ऱ्हायलीय. मला दिसली होती."

"दिसली? मंग मुक्यानं कामून बसलाव?"

"मॅडमनं सांगितलंय, मागं काय दिसलं ते बोलायचं न्हाई म्हणून!"

अख्खी गाडी खो खो हसली. मुंजाजीभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "ताई, मागं घेऊ का? तीन किलोमीटरच तर हाय." लोक म्हणाले, "घ्या घ्या, म्हातारीचं बारसं हाय!"

आणि पंचफुलाच्या आत एवढा आनंद उसळला की ती स्वतःच दचकली. मागे जायचं! खुद्द पिशवीचं निमित्त! तो रस्ता दिसेल, ते काय वाजलं ते दिसेल, एकदा बघितलं की सुटलो! हात दोरीकडे गेलासुद्धा. मग तिने त्या आनंदाकडे नीट बघितलं. म्हातारीच्या कुंचीसाठी एवढं हरखायला होतं का? न्हाई, फुला. तू तुज्यासाठी चाललीस.

"गाडी मागं जाणार न्हाई," ती म्हणाली.

"मी बारशाला रिकाम्या हातानं जाऊ का माय?" धुरपताबाईने पदर डोळ्यांना लावला. पंचफुलाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. क्षणभर वाटलं, आपण दुष्टपणा करतोय. तिने मोबाइल काढला आणि नागेशला फोन लावला.

"हाय की ताई, पिशवी समोरच दिसायलीय," नागेश म्हणाला.

नागेश तिथंच उभा होता. रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता. ‘रस्त्यावर आजून काय दिसायलंय का?’ एवढंच विचारायचं. शब्द दातांपर्यंत आले. गाडीतली चाळीस माणसं तिच्या ओठांकडे बघत होती, आणि गुरुजींनी दस्ती दोन्ही हातांनी धरली होती.

"पाठीमागच्या जीपमंदी दे," पंचफुला म्हणाली. "ठेवते."

दार, एकदा नजर, टण टण.

त्यानंतर जे झालं, ते सोनपेठला पोचेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या थांब्यावर एका पोराने सीटवर दप्तर ठेवून जागा अडवली. पंचफुलाने त्याला असा झाडला, मग त्याच्या पासवरच्या जुन्या फोटोचा विषय काढला, मग त्याच्या बापाची चौकशी केली, की दोन थांबे कसे गेले तिला कळलं नाही. सोनपेठचं स्टँड दिसलं तेव्हा तिने वही उघडली, आकडा लिहायला, आणि चमकून बघत राहिली. आकडा लिहायला ती विसरली होती. कधी उतरला, तेही माहीत नव्हतं.

"भाऊ!" ती पुढे धावली. "मी इसरले! मी इसरले ओ!"

"काय इसरलात? आता तुमची बी पिशवी का?" मुंजाजीभाऊ घाबरले.

वीस-पंचवीस मिनिटांत ती मागची जीप घेऊन बालाजी आला. त्याने पिशवी धुरपताबाईच्या हातात दिली. म्हातारीने कुंची काढून छातीशी धरली, मग डबा उघडला आणि पंचफुलाच्या हातावर तुपाळ लाडू ठेवला. हात बरबटेल म्हणून पंचफुलाने पिशवीत चाचपून हाताला आला तो कागद ओढला आणि त्यावर लाडू घेतला. चौकशी खिडकीच्या अर्जावर तुपाचा मोठा डाग पडला.

बालाजी जायला निघाला आणि काहीतरी आठवून थांबला. "आन ताई, नागेशनं तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणला, ताईला नक्की सांग. तुमची गाडी निघाल्यावर तिथं रस्त्यावर—"

"थांबा!"

पंचफुलाने हात वर केला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. लाडवाचा घास तोंडात होता, तो तिने शांतपणे चावून संपवला.

"ते तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

"अवो, पण ऐका तर—"

"पाथरी गाडी लागलीय. यायचं असंल तर बसा, न्हाई तर बाजूला व्हा." आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. खाली एकदा बघितलं, दार लावलं, दोरी ओढली. मागच्या सीटवर गुरुजी काचेकडे पाठ करून, हाताची घडी घालून ताठ बसले होते.

त्या सकाळी टाकीच्या थांब्यावर रस्त्यावर काय होतं, ते नागेशला ठाऊक आहे आणि बालाजीला ठाऊक आहे. मुंजाजीभाऊंचं मत, तो निरोप म्हणजे नागेशने पिशवीतले दोन लाडू खाल्ल्याची कबुली असणार. गुरुजी दुसऱ्याच दिवशी जाऊन गुपचूप विचारून आले, आणि तेव्हापासून दस्तीचा वापर वाढलाय. पंचफुला रोज दोनदा त्या थांब्यावरून जाते, वेळ असला तर नागेशचा चहाही पिते. तिने अजून विचारलेलं नाही, आणि आपणही विचारू नये.